कानाची नसच नसेल तर? लहान मुलांसाठी ब्रेनस्टेम इम्प्लांट

मूल जन्मतः बहिरं आहे हे कळल्यावर आई-वडिलांना सावरायला वेळ लागतो. मग कोणीतरी कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल सांगतं, ऑपरेशननंतर बोलायला लागलेल्या मुलांचे व्हिडिओ दाखवतं आणि घराला धीर येतो. पण मोजक्या घरांत त्यानंतर आणखी एक धक्का बसतो. एमआरआय पाहून डॉक्टर सांगतात, "या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होणार नाही. मेंदूकडे आवाज नेणारी नसच तयार झालेली नाही."

अशा मुलांसाठी ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांट, थोडक्यात एबीआय, नावाचं उपकरण आहे. ते कानात न बसवता थेट मेंदूच्या देठावर बसवतात. काही मुलांना त्याचा खरोखर फायदा होतो. पण हे मेंदूजवळचं ऑपरेशन आहे, त्याचे परिणाम मुलागणिक खूप वेगळे असतात आणि कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांकडे पाहून ठेवलेल्या अपेक्षा इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत. मी जनरल फिजिशियन आहे, हे ऑपरेशन करणाऱ्या तज्ज्ञांपैकी नाही. त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हे हा लेख सांगणार नाही. तज्ज्ञांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि मिळालेलं उत्तर कसं समजून घ्यायचं, एवढी तयारी करून देणं हा या लेखाचा हेतू आहे.

आवाज मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

बाहेरचा आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर येतो आणि पडदा थरथरतो. पडद्यामागची तीन छोटी हाडं ही थरथर आतल्या कानात पोहोचवतात. तिथे गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो. त्याला कॉक्लिआ म्हणतात. कॉक्लिआत साधारण 15 हजार केसपेशी असतात. त्या थरथरीचं रूपांतर विजेच्या संदेशात करतात.

हा संदेश श्रवणाच्या नसेत उतरतो. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, संदेश नेणाऱ्या तंतूंचा जुडगा. श्रवणाच्या नसेत असे सुमारे 30 हजार तंतू असतात. कवटीच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून ही नस मेंदूच्या देठापर्यंत जाते. मेंदूचा देठ म्हणजे मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा भाग. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं अशा गोष्टी तिथून चालतात. श्रवणाची नस तिथल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात येऊन संपते. या पुंजक्याचं नाव कॉक्लिअर न्यूक्लिअस. पुढे आणखी काही टप्पे पार करून संदेश मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागात पोहोचतो आणि तेव्हा बाळाला कळतं, की हा आईचा आवाज आहे.

या वाटेवर अडथळा कुठे आहे, त्यावर उपाय ठरतो.

- कानाची मशीन आवाज मोठा करते. केसपेशी थोड्याफार शिल्लक असतील तर तिचा उपयोग होतो.
- कॉक्लिअर इम्प्लांट निकामी केसपेशींना वगळून कॉक्लिआतून थेट नसेला संदेश देतं. त्यासाठी कॉक्लिआत तार घालता यायला हवी आणि पुढे नस असायला हवी.
- एबीआय कॉक्लिआ आणि नस दोन्ही वगळून कॉक्लिअर न्यूक्लिअसला संदेश देतं.

म्हणजे एबीआय ही कॉक्लिअर इम्प्लांटची सुधारित किंवा महागडी आवृत्ती नाही. ज्याला कॉक्लिअर इम्प्लांट चालू शकतं, त्याच्यासाठी तेच सामान्यतः अधिक सुरक्षित असतं आणि त्याचे परिणामही चांगले असतात. तो रस्ता बंद असेल तेव्हाच एबीआयचा विचार होतो.

"नस कमजोर आहे" आणि "नस नाही" यांत फरक आहे

आपल्याकडे बहिरेपणाबद्दल बोलताना "नस सुकली", "नस कमजोर आहे" असं सर्रास म्हटलं जातं. डॉक्टरही कधी घाईत तसंच बोलून जातात. पण बहुतेक जन्मतः बहिऱ्या मुलांमध्ये दोष कॉक्लिआतल्या केसपेशींत असतो आणि नस चांगली असते. अशा मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट उत्तम उपयोगी पडू शकतं.

त्यामुळे कोणी "नसेचा प्रॉब्लेम आहे" असं सांगितलं, तर घाबरण्याआधी एकच प्रश्न विचारा: "एमआरआयमध्ये श्रवणाची नस दिसते का?" एमआरआय झालाच नसेल, तर नस आहे की नाही हे अजून कोणी पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एबीआयचा विचार कोणत्या मुलांसाठी होतो?

1. नस जन्मतः नसणं. दोन्ही बाजूंची श्रवणाची नस तयारच झालेली नसते. कधी हे एकटंच आढळतं, तर कधी चार्ज सिंड्रोमसारख्या आजारात डोळे, हृदय आणि इतर अवयवांच्या दोषांबरोबर.
2. आतला कान तयार न होणं. कॉक्लिआसह संपूर्ण आतला कानच नसतो. याला मिशेल अप्लेजिया म्हणतात. कॉक्लिआच नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची तार घालायला जागाच नसते.
3. मेंदूज्वरानंतर कॉक्लिआचं हाड होणं. जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वरानंतर, विशेषतः न्यूमोकॉकसच्या संसर्गानंतर, कॉक्लिआची पोकळी हाडाने भरून जाऊ शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि महिन्यांत कॉक्लिअर इम्प्लांटची संधी असते. म्हणूनच मेंदूज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी लवकरात लवकर व्हायला हवी. पोकळी पूर्ण बंद झाली आणि तार घालणं शक्य नसलं, तर एबीआयचा पर्याय उरतो.
4. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 2. या आनुवंशिक आजारात दोन्ही बाजूंच्या नसांवर गाठी येतात. गाठ काढताना नस वाचली नाही, तर त्याच ऑपरेशनमध्ये एबीआय बसवता येतं. हे रुग्ण बहुतेक किशोरवयीन किंवा मोठे असतात.

याशिवाय एक मधली परिस्थिती असते. एमआरआयमध्ये नस दिसते, पण खूप बारीक. किंवा ती दिसत नाही, पण तपासणीत मूल मोठ्या आवाजाला थोडा प्रतिसाद देतं. एमआरआयला न दिसणारे थोडे तंतू शिल्लक असू शकतात. अशा वेळी अनेक केंद्रं आधी कॉक्लिअर इम्प्लांट करून पाहतात आणि काही महिन्यांत फायदा दिसला नाही तर एबीआयकडे वळतात. काही ठिकाणी एका बाजूला कॉक्लिअर इम्प्लांट आणि दुसऱ्या बाजूला एबीआय असाही निर्णय घेतात. तुमच्या मुलासाठी कोणता क्रम सुचवला आहे आणि का, हे समजून घ्या.

निदान कसं होतं? आणि ते कुठे चुकतं?

नवजात बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. आपल्याकडे अनेक बाळांची ही तपासणी होत नाही. मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत "त्याचे वडीलही उशिरा बोलायला लागले होते" या वाक्यावर वेळ जातो. घरी ताट वाजवून केलेली परीक्षाही फसवी असते. मूल जमिनीतून येणारी थरथर जाणवून किंवा तुमची सावली पाहूनही वळतं.

नस नसलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. प्रसूतीनंतर दवाखान्यात बहुतेक वेळा ओएई ही तपासणी होते. ती केसपेशी काम करतात का, एवढंच पाहते. नस नसली तरी केसपेशी चांगल्या असू शकतात. मग ओएई "पास" येते आणि घरचे निर्धास्त होतात. ओएई पास आहे, पण मूल आवाजाला प्रतिसाद देत नाही, असं वाटत असेल तर बेरा तपासणी करून घ्या. बेरामध्ये मूल झोपलेलं असताना कानात आवाज देतात आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून संदेश मेंदूच्या देठापर्यंत पोहोचतो का, ते पाहतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची तर सुरुवातीलाच बेरा पद्धतीने तपासणी व्हायला हवी.

बेरामध्ये काहीच प्रतिसाद आला नाही, तर पुढच्या तपासण्या साधारण अशा असतात:

- एमआरआय: नस आहे का, किती जाड आहे, मेंदूच्या देठाची रचना कशी आहे, हे यात दिसतं. नसांसाठीचे बारीक काप घ्यावे लागतात. साधा "मेंदूचा एमआरआय" पुरेसा नसतो. लहान मुलांना यासाठी झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते.
- सीटी स्कॅन: कॉक्लिआ, नस जाण्याचा हाडातला बोगदा आणि हाड भरलं आहे का, हे कळतं.
- कानाच्या मशीनची चाचणी: काही महिने योग्य मशीन लावून मुलाचा प्रतिसाद ऑडिओलॉजिस्ट तपासतात.
- विकासाची तपासणी: मान धरणं, बसणं, नजर, समज, इतर आजार. इतर अडचणी असतील तर इम्प्लांटचा फायदा कमी होऊ शकतो. हे आधी कळलेलं बरं.

हे तंत्र किती जुनं आहे?

पहिलं ब्रेनस्टेम इम्प्लांट 1979 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस इथे विल्यम हाऊस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी केलं. रुग्णाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 2 होता. पुढे अनेक इलेक्ट्रोड असलेलं उपकरण आलं. 2000 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली, पण ती याच आजाराच्या 12 वर्षांवरील रुग्णांसाठी होती.

जन्मतः नस नसलेल्या लहान मुलांमध्ये एबीआय वापरण्याची सुरुवात प्रामुख्याने इटलीतल्या व्हेरोना शहरात व्हिटोरिओ कोलेटी यांनी केली. त्यानंतर तुर्कस्तानात अंकाराच्या हाजेत्तेपे विद्यापीठासह काही केंद्रांनी मुलांमधला मोठा अनुभव जमवला. भारतात या क्षेत्रातलं ठळक नाव म्हणजे चेन्नईची मद्रास ईएनटी रिसर्च फाउंडेशन आणि तिथले डॉ. मोहन कामेश्वरन.

2019 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, पाच वर्षांखालच्या योग्य मुलांसाठी हे ऑपरेशन सरकारी खर्चाने करायचं जाहीर केलं. तेव्हाचा त्यांचा अंदाज होता, की वर्षाला सुमारे 15 मुलांची तपासणी होईल आणि त्यांतल्या सुमारे 9 जणांचं ऑपरेशन होईल. एवढ्या मोठ्या देशात इतकीच मुलं. यावरून दोन गोष्टी कळतात. ही गरज दुर्मीळ आहे आणि तपासणीला आलेल्या प्रत्येक मुलाला ऑपरेशन सुचवलं जात नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

कान-नाक-घसा तज्ज्ञ, मेंदूचे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट असा संघ एकत्र काम करतो. कानामागे छेद घेऊन कवटीचं छोटं हाड काढतात. लहान मेंदू हलकेच बाजूला करून मेंदूच्या देठापर्यंत पोहोचतात. तिथल्या एका खोलगट जागेत, कॉक्लिअर न्यूक्लिअसवर, काही मिलिमीटर लांबीची चपटी पट्टी ठेवतात. तिच्यावर कंपनीनुसार 12 किंवा 21 इलेक्ट्रोड असतात.

पट्टी नेमकी ठेवणं हा ऑपरेशनचा सर्वांत नाजूक भाग आहे. हा पुंजका डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही. शिवाय चेहरा, घसा आणि गिळणं यांच्याशी संबंधित नसा शेजारीच असतात. म्हणून टेबलावरच इलेक्ट्रोडमधून सौम्य विद्युत संदेश देऊन श्रवणमार्गातून प्रतिसाद येतो का, हे मोजतात आणि त्यानुसार पट्टी सरकवतात. इम्प्लांटचा मुख्य भाग कानामागे त्वचेखाली बसवतात. ऑपरेशनला कित्येक तास लागतात आणि नंतर मुलाला अतिदक्षता विभागात ठेवतात.

बाहेरून दिसणारा भाग कॉक्लिअर इम्प्लांटसारखाच असतो: कानामागे किंवा डोक्यावर प्रोसेसर आणि चुंबकाने चिकटणारी चकती. प्रोसेसर काढला किंवा त्याची बॅटरी संपली, की मुलाला काहीही ऐकू येत नाही.

वयाबद्दल सांगायचं, तर साधारणपणे मूल एक वर्षाचं झाल्यावर विचार सुरू होतो आणि मेंदूला ऐकण्याची सवय लावायची असल्याने पहिल्या काही वर्षांतच निर्णय व्हावा लागतो. ज्याने जन्मापासून आवाजच ऐकलेला नाही, अशा मोठ्या मुलात फायदा बराच कमी असतो.

धोके कोणते?

- मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून किंवा नाकातून गळणं
- मेंदूज्वर
- रक्तस्राव किंवा लहान मेंदूला सूज
- चेहऱ्याच्या नसेला इजा, तात्पुरती किंवा कायमची
- तोल जाणं, गिळताना त्रास
- पट्टी जागेवरून सरकणं, उपकरण बिघडणं आणि पुन्हा ऑपरेशन लागणं
- सगळं नीट होऊनही ऐकण्याचा फायदा न होणं

अनुभवी संघाच्या हातात गंभीर गुंतागुंत कमी होते, शून्य होत नाही. म्हणून "तुमच्या केंद्रात मुलांमध्ये किती एबीआय झाले आणि त्या मुलांचं पुढे काय झालं?" हा प्रश्न संकोच न करता विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

ऑपरेशनआधी न्यूमोकॉकस आणि हिब यांच्या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात. आणि ऑपरेशननंतर पुढे कधीही मुलाला जोराचा ताप, उलट्या, मान ताठ होणं, गुंगी किंवा नाकातून सतत पाण्यासारखा स्राव असं काही दिसलं, तर घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा आणि मुलाला इम्प्लांट आहे हे सांगा.

यंत्र सुरू होतं त्या दिवशी

जखम भरल्यावर, साधारण महिना-दोन महिन्यांनी, यंत्र पहिल्यांदा सुरू करतात. मेंदूच्या देठात हृदय आणि श्वासाशी संबंधित केंद्रंही जवळच असल्याने पहिल्यांदा सुरू करताना मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. एकेक इलेक्ट्रोड तपासतात. एखादा इलेक्ट्रोड सुरू केल्यावर मूल खोकलं, त्याने घसा किंवा चेहरा चोळला, डोळे फिरवले किंवा त्याचा तोल गेला, तर तो संदेश श्रवणाऐवजी शेजारच्या नसेला जातो आहे असं समजून तो इलेक्ट्रोड बंद ठेवतात. काही इलेक्ट्रोड बंद असणं नेहमीचंच आहे.

इंटरनेटवरच्या व्हिडिओंत मूल आवाज ऐकून लगेच हसतं. तुमचं मूल कदाचित रडेल, दचकेल किंवा काहीच करणार नाही. त्यावरून पुढचा अंदाज बांधू नका. यंत्राची नीट जुळवणी व्हायला महिने लागतात आणि त्यासाठी केंद्रावर वारंवार जावं लागतं.

मुलाला नक्की काय ऐकू येईल?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. उत्तर समजायला बाजाच्या पेटीचं उदाहरण घेऊ. कॉक्लिआत सूर पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीने लावलेले असतात, एका टोकाला जाडे आणि दुसऱ्या टोकाला बारीक. कॉक्लिअर इम्प्लांटची तार त्या ओळीतून जाते, म्हणून योग्य जागी योग्य सूर देता येतो. मेंदूच्या देठात मात्र सुरांची मांडणी पृष्ठभागावर ओळीने नसते, बरीचशी आत खोलवर गेलेली असते. वरून ठेवलेल्या पट्टीला एकेक सूर वेगळा करून वाजवता येत नाही. एबीआयमधून मिळणारा आवाज ढोबळ असतो, त्याचं मुख्य कारण हे.

मुलांची प्रगती साधारण एका शिडीसारखी मांडता येईल:

1. आवाज आहे किंवा नाही, हे कळणं
2. नाव घेतल्यावर वळणं, दाराची घंटा, गाडीचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं ओळखणं
3. ओठांच्या हालचाली किंवा खुणा पाहत असताना आवाजाच्या मदतीने बोलणं अधिक नीट समजणं
4. ओठ न पाहता नेहमीचे शब्द आणि वाक्यं समजणं
5. ओठ न पाहता गप्पा मारणं, फोनवर बोलणं

बऱ्याच मुलांना पहिल्या दोन-तीन पायऱ्या गाठता येतात. चौथी पायरी काही मुलं गाठतात, तीही काही वर्षांच्या थेरपीनंतर. पाचवी थोड्यांनाच जमते. काही मुलांना मात्र पहिल्या पायरीच्या पुढे जाता येत नाही. ऑपरेशनआधी कोणतं मूल कुठपर्यंत जाईल, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. "शंभर टक्के बोलेल" असं कोणी सांगत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

खालच्या पायऱ्यांनाही मोल आहे. रस्त्यावर मागून आलेला हॉर्न कळणं ही सुरक्षितता आहे. आईच्या हाकेला मान वळणं हे नातं आहे. पण फक्त एवढंच मिळालं तरी हे ऑपरेशन आपल्याला पटेल का, हा विचार आई-वडिलांनी आधीच, शांतपणे, एकमेकांशी बोलून करायला हवा.

आवाजाची वाट पाहताना भाषा थांबवू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आवाज मिळणं आणि भाषा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषेसाठी मेंदूची सर्वांत सुपीक वर्षं ही पहिली चार-पाच वर्षं असतात. तपासण्या, पैशांची जुळवाजुळव, ऑपरेशन, यंत्राची जुळवणी यांत दोन वर्षं सहज जातात. या काळात मुलाकडे कोणतीच भाषा नसेल, तर नुकसान फक्त बोलण्याचं होत नाही. विचार करणं, राग सांगणं, गोष्ट समजणं, मित्र जोडणं, सगळंच मागे पडतं. दुखतंय कुठे हेसुद्धा ते मूल सांगू शकत नाही.

म्हणून निदान झाल्याच्या दिवसापासून भारतीय सांकेतिक भाषा शिकायला सुरुवात करा. मुलाने आणि घरातल्या सगळ्यांनी. "खाणाखुणांची सवय लागली की मूल बोलणारच नाही" अशी भीती आजी-आजोबांना असते, कधीकधी शिक्षकांनाही असते. सांकेतिक भाषेमुळे बोलणं मागे पडतं, असं सिद्ध झालेलं नाही. उलट ज्या मुलाकडे आधीच एक भाषा आहे, त्याला नव्याने ऐकू येणाऱ्या आवाजाला अर्थ जोडणं सोपं जातं. एबीआयच्या बाबतीत तर ऐकू किती येईल याचीच खात्री नसल्याने, खुणा, ओठांचं निरीक्षण आणि आवाज हे तिन्ही एकत्र वापरणं शहाणपणाचं आहे.

नवी दिल्लीला 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांचा सुमारे 10 हजार शब्दांचा शब्दकोश इंटरनेटवर पाहता येतो. आंघोळ, दूध, आई, दुखतं, आणखी हवं, नको, बाहेर जाऊ अशा रोजच्या शब्दांपासून सुरुवात करा.

खर्च आणि सरकारी मदत

फक्त उपकरणाच्या किमतीवर हिशोब करू नका. ऑपरेशन, अतिदक्षता विभाग, वारंवारचा प्रवास, तिथली राहण्याची सोय, वर्षानुवर्षांची थेरपी, प्रोसेसरची दुरुस्ती, तारा, बॅटऱ्या आणि काही वर्षांनी प्रोसेसर बदलणं, हे सगळं लेखी मागून घ्या.

केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तरतूद आहे. त्याचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेमार्फत चालतं. कॉक्लिअर इम्प्लांटला मिळणारी मदत एबीआयला मिळेलच असं गृहीत धरू नका. तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र निदान व उपचार केंद्रातही चौकशी करा. ऑपरेशन होवो न होवो, मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढून घ्या. शाळा, सवलती आणि योजना सगळीकडे ते लागतं.

तज्ज्ञांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्या

- दोन्ही बाजूंची नस नाही, की बारीक आहे? एमआरआयवर मला दाखवाल का?
- आधी कॉक्लिअर इम्प्लांट करून पाहण्यासारखं आहे का? नसेल तर का?
- मेंदूच्या देठाची रचना एबीआयसाठी योग्य आहे का?
- माझ्या मुलाच्या इतर अडचणी पाहता वास्तव अपेक्षा काय ठेवावी?
- तुमच्या केंद्रातल्या अशा मुलांच्या पालकांशी बोलता येईल का?
- यंत्राच्या जुळवणीसाठी पहिल्या दोन वर्षांत किती वेळा यावं लागेल?
- आमच्या जिल्ह्यात मराठीतून थेरपी कोण देईल?
- फायदा झाला नाही तर पुढे काय?

शेवटून दुसरा प्रश्न किरकोळ समजू नका. ऑपरेशन चेन्नईला झालं, तरी मूल लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या घरात मराठीच ऐकणार आहे. रोजची थेरपी घराजवळ आणि घरच्या भाषेत नसेल, तर महागडं उपकरण कपाटात पडून राहतं.

घरचे नेहमी विचारतात

गरोदरपणात माझं काही चुकलं का? नाही. नस किंवा आतला कान गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या महिन्यांत तयार होतो. ग्रहण पाहिल्याने, पपई खाल्ल्याने किंवा भांडण झाल्याने तो घडायचा थांबत नाही. आईला दोष देणाऱ्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

पुढचं मूलही असंच होईल का? कारणावर अवलंबून आहे. काही कारणं आनुवंशिक असतात, काही नसतात. पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्या. नात्यातलं लग्न असेल तर ते आवर्जून सांगा.

इम्प्लांट असताना एमआरआय करता येतो का? आत चुंबक असतं, त्यामुळे इम्प्लांट केंद्राला विचारल्याशिवाय करू नका. दुसरं कोणतंही ऑपरेशन ठरलं तरी इम्प्लांटचं कार्ड डॉक्टरांना आधी दाखवा.

मूल खेळू शकेल का? हो. धावणं, लपाछपी, क्रिकेट सगळं. डोक्याला जोराचा मार बसेल असे खेळ टाळा. पाण्यात उतरताना बाहेरचा भाग काढून ठेवा.

आम्ही ऑपरेशन नको असं ठरवलं तर? तोही जबाबदार निर्णय असू शकतो. सांकेतिक भाषा, वाचन-लेखन आणि चांगली शाळा यांच्या आधारे बहिरी मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. इम्प्लांट न करणं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. मुलाला भाषेशिवाय ठेवणं मात्र तसं आहे.

या आठवड्यात तुम्हाला तीन गोष्टी करता येतील. एमआरआयची सीडी आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा. ज्या केंद्रात मुलांचे एबीआय झाले आहेत, तिथली तपासणीची तारीख घ्या. आणि आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने "पाणी", "भात" आणि "आणखी हवं" या तीन खुणा शिकून मुलाशी वापरायला सुरुवात करा. पहिल्या दोन गोष्टींना तारखेची वाट पाहावी लागेल. तिसरीसाठी कोणाचीच परवानगी लागत नाही.